खारी घरी एकटी : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

जुना मोबाईल शोकेसवर, तोंड दाराकडे. मी सव्वाआठला बाहेर, नवरा साडेनऊला. तो गेल्यानंतरचं रेकॉर्डिंग आत्ता पाहिलं, म्हणजे पाहवलं तेवढं.

दार बंद झालं. लिफ्टमधली बाई म्हणाली, ‘कृपया दरवाजा बंद करा.’ खारी, आमची कुत्री, दारापाशी उभी, कान टवकारलेले. लिफ्ट खाली गेली आणि कण्हणं सुरू झालं. दहा मिनिटं व्हायच्या आत गळा काढून रडणं, मग चौकट खरवडणं, मग येरझाऱ्या. फरशीवर लाळच लाळ. वाडग्यातलं उकडलेलं चिकन तसंच पडून. संध्याकाळी मी आले, चपला काढून होईपर्यंत तिने ते संपवलंसुद्धा.

हा चिकनचा मुद्दा लिहून ठेवते, कारण नणंदेपासून वॉचमनपर्यंत सगळे म्हणतात की तिला कंटाळा येतो. कंटाळलेला कुत्रा चपला फाडेल, उशा फाडेल, पण चिकन सोडणार नाही. आमच्याकडे चपला शाबूत आहेत. कुरतडलीय ती फक्त दाराची चौकट, तीही लॅचच्या बाजूने.

मागचा हिशोब: खारी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बिल्डिंगखालून वर आली, तेव्हा तळहाताएवढी होती. रंग खारी बिस्किटाचा, म्हणून नाव खारी. घरी आम्ही दोघं होतो आणि सासरे, आप्पा, तर कायमच. चार वर्षांत ती एकटी अशी राहिलीच नाही. एप्रिलच्या शेवटी आप्पा सांगलीला नणंदेकडे गेले, सहा-सात महिन्यांसाठी. माझं ऑफिस आता आठवड्यातले तीन दिवस परळला: सोम, मंगळ, गुरू. नवऱ्याची बँक ठाण्याला, तिथे घरून काम हा प्रकार नाही.

आणि मग २३ मे. गुरुवार. एमआयडीसी फेज दोनमधल्या रासायनिक कारखान्यात दुपारी दीड-पावणेदोनला स्फोट झाला. अर्ध्या डोंबिवलीच्या काचा हादरल्या, आमच्या बेडरूमची एक फुटली. माणसं गेली तिथे, कुत्र्याचं काय घेऊन बसायचं, असं तेव्हा वाटलं आणि ते बरोबरच होतं. पण त्या वेळी ती घरात एकटी होती, हेही खरं आहे. सोसायटीच्या ग्रुपवर पहिली तक्रार त्यानंतरच्या आठवड्यातली. त्याआधी ती गप्प होती का, कोणाला माहीत. तक्रार नव्हती एवढंच सांगता येतं.

८ जून, शनिवार

खारीच्या डॉक्टरबाईंकडे दीड तास. आधी लघवी तपासली, कारण घरात लघवी होतेय ती इन्फेक्शननेही होऊ शकते. ते नाही. नखं पाहिली, दोन तुटलेली. व्हिडिओ मात्र त्यांनी पूर्ण पाहिला आणि मधेच विचारलं, “ही आवाजाने घाबरून पळते तेव्हा कुठे जाते?” बाथरूममध्ये. “आणि इथे?” दाराशी.

त्यांचं म्हणणं असं, की ‘सेपरेशन अँग्झायटी’, म्हणजे एकटं राहण्याची भीती, हे लेबल मोठं आहे, त्याखाली वेगवेगळे कुत्रे येतात. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या लोकांनी २०२० मध्ये याची चार प्रकारांत विभागणी केली: घरातल्या कशापासून तरी पळायचंय, बाहेरच्या कशाकडे तरी जायचंय, बाहेरच्या आवाजांवर प्रतिक्रिया चाललीय, किंवा निव्वळ कंटाळा. उपाय प्रत्येकाला वेगळा. खारीचं काय आहे ते आपण शोधायचं. डोळ्यांनी, अंदाजाने नाही.

गोळी सुरू: फ्लुओक्सेटीन, नैराश्य-चिंतेवरची, माणसांचीच, डोस तिच्या वजनावर. डोस मुद्दाम इथे लिहीत नाही. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएने कुत्र्यांच्या याच त्रासासाठी क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटीनला २००७ मध्ये मान्यता दिलीय, दोन्हीकडे प्रशिक्षणाची जोड धरूनच. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे. पहिले काही दिवस भूक कमी होईल, सुस्ती येईल.

मुख्य सूचना एकच, आणि तीच सगळ्यात महाग: शिकवण चालू असताना तिला तिच्या मर्यादेपलीकडे एकटं ठेवायचं नाही. एकदाही नाही.

पिंजऱ्याबद्दल विचारलं, कारण ऑनलाइन सगळे तेच सांगतात. घाबरलेला कुत्रा पिंजऱ्यात दात आणि नखं मोडून घेतो, म्हणाल्या. विषय संपला. “दुसरा कुत्रा आणला तर?” त्या हसल्या. “मग दोन कुत्रे रडतील.”

९ जून, रविवार

प्रशिक्षण वगैरे नंतर. आधी माणसांचं वेळापत्रक.

फ्रिजवर तक्ता लावला. सोमवार: कल्याणहून माझी आई. मंगळवार आणि गुरुवार: रिकामे. मावशी सकाळी सातला येऊन भांडी-फरशी उरकतात, त्या साडेनऊला आल्या आणि अकरापर्यंत थांबल्या तर सकाळ सुटते. विचारलं. त्यांना दुसरी दोन घरं पुढेमागे करावी लागतील. पगार वाढवून देऊ म्हटलं. “बघते,” म्हणाल्या, म्हणजे हो.

दुपारचं काय? डे-केअर आहे, पण घरापासून लांब, आणि वीस अनोळखी कुत्र्यांत ती शांत राहील याची खात्री नाही. तोवर मंगळवार-गुरुवार आम्ही आळीपाळीने अर्धी रजा टाकणार. नवऱ्याच्या मॅनेजरला कारण काय सांगायचं यावर चर्चा झाली. “घरी आजारी माणूस आहे” असं सांगायचं ठरलं. माणूस शब्दावर खारीने शेपटी हलवली नाही.

१२ जून, बुधवार

घरून काम. सकाळी एमआयडीसीत पुन्हा आग, धडाधड आवाज. मी तिच्यापासून चार हातांवर खुर्चीत बसलेली. तरी ती उठली आणि सरळ बाथरूममध्ये, बादलीमागे, थरथरत. बाहेर आली ती जेवणाच्या वेळी.

म्हणजे आवाजाची भीती मी असतानाही आहे. आणि एकटेपणाची भीती आवाज नसतानाही आहे, ३ तारखेच्या व्हिडिओत एकही मोठा आवाज नव्हता. या दोन गोष्टी आहेत. दोन ठिकाणं आहेत: बाथरूम आणि दार. दुसरा फोन पॅसेजमध्ये लावला, ती कुठे जाते हे कळावं म्हणून. डॉक्टरबाईंना मेसेज केला, त्यांनी अंगठा पाठवला.

१६ जून, रविवार

दाराचे धडे. यात दार उघडून बाहेर जाणं सध्या नाहीच.

तिला घाबरवणारी पहिली गोष्ट किल्ल्या असेल असं वाटलं होतं. नाही. डबा! स्टीलच्या डब्याची क्लिप खट्‌कन लागते तेव्हा ती झोपेतून उठते. मग छत्री. मग बॅगेची चेन. किल्ल्यांकडे ती ढुंकूनही बघत नाही, कारण किल्ल्या आप्पाही रोज घेऊन खाली जायचे आणि दहा मिनिटांत दुधाची पिशवी घेऊन वर यायचे.

त्यामुळे आज दिवसभर डबा लावला आणि उघडला. क्लिप लावून टीव्ही पाहिला. बॅग खांद्याला लावून पोळ्या लाटल्या. नवरा छत्री घेऊन सोफ्यावर बसला होता तेवढ्यात समोरच्या काकू वाटी मागायला आल्या आणि काही न विचारता परत गेल्या.

संध्याकाळपर्यंत क्लिपला फक्त एक कान हलू लागला.

२२ जून, शनिवार

आजची चाचणी मोठी. प्रश्न: तिला मी हवी, की कोणीतरी हवं?

मावशी घरात, आम्ही दोघं खाली पार्किंगमध्ये, मोबाईलवर बघत. खारी दारापर्यंत आली, लिफ्टचा आवाज ऐकला, परत फिरली आणि मावशींच्या पायाशी पडली. मावशी लसूण सोलत होत्या. पंधरा मिनिटांनी ती घोरायला लागली.

मग मावशींची मुलगी. बारावीला आहे, खारी तिला दोनदाच भेटलेली. थोडा वेळ वास घेणं, दाराकडे एक फेरी, मग पंख्याखाली आडवी.

म्हणजे तिला माझी ओढ असल्याचं हे दुखणं नाही. माणूस हवा, कोणताही चालेल. नवऱ्याने हे दोनदा बोलून दाखवलं, त्याला त्यात फार मजा वाटली. मला थोडं लागलं, पण व्यवहाराच्या दृष्टीने ही सगळ्यात चांगली बातमी आहे. फक्त माझ्यावाचून राहत नसती तर मला नोकरी सोडावी लागली असती.

आणि लगेच दुसरी गोष्ट जुळली. मावशींच्या घरी एक खोली, चार माणसं, टीव्ही. मुलीला अभ्यासाला जागा नाही. आमच्याकडे टेबल, पंखा, वायफाय आणि दिवसभर रिकामं घर. मंगळवार-गुरुवार कॉलेज सुटल्यावर अकरापासून ती इथे बसेल. पैसे घ्यायला मावशी तयार नव्हत्या. मुलगी तयार होती. तिच्याशी ठरवलं.

८ जुलै, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात या वेळात मुंबईत कुठे कुठे ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. मध्य रेल्वे ठप्प. आई कल्याणहून निघालीच नाही, आम्हीही नाही. तिघं घरात. विजांना ती बाथरूममध्ये, पण आज दार उघडं ठेवून आत जुनी चादर टाकली होती. ओढून बाहेर काढायचं नाही, तिने निवडलेली जागा तिची. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं की भीती ‘वाढते’ हे खरं नाही, भीती ही बक्षीस देऊन पक्की होणारी सवय नव्हे. ती आली तर घ्यायचं, नाही आली तर नाही.

१४ जुलै, रविवार

गोळीला पाच आठवडे. दिसतंय ते असं: ती झोपते. आधीही झोपायची, पण मी स्वयंपाकघरात गेले की मागे, बाथरूमला गेले की दाराबाहेर. आता उठते, बघते, आणि कधी कधी परत डोकं टेकते. सुस्ती नाही ही, खाली नेल्यावर मांजरांमागे पूर्वीसारखीच धावते.

आता खरं बाहेर पडणं सुरू केलं. बाहेर, कडी, लगेच आत. मग जिन्याच्या दोन पायऱ्या. मोबाईलवर तिचं तोंड पाहायचं: जांभई, ओठ चाटणं, कान मागे, एक पाय उचलून धरणं. यातलं काही दिसलं की परत, रडण्याआधी. वेळ वाढवतच न्यायचा नाही, लांबच्या मधे एखादं अगदी छोटं, नाहीतर प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा वाईट होणार हे तिला समजतं. आत आल्यावर ‘अगं माझी बाई गं’ वगैरे नाही. नवऱ्याला हे जमत नाही.

दह्याचं वाडगं गोठवून ठेवलं होतं. ती ते चाटते आणि संपलं की दचकून दाराकडे बघते. त्यापेक्षा वाडगं नसलेलं बरं. निदान ती एकटी असताना काय करते ते खरं दिसतं.

२३ जुलै, मंगळवार

सोसायटीच्या ग्रुपवर पत्र. वरच्या मजल्यावर लहान बाळ आहे, ‘कुत्र्याचा बंदोबस्त करावा’. सेक्रेटरीकाकांनी मीटिंगचा विषय केला.

भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून नेल्या. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी. लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. भुंकणं हे कुत्र्याचं बोलणंच आहे, असं त्यात आहे. आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये याची काळजी पाळणाऱ्यांनी घ्यावी, हेही त्यातच आहे.

कागद काढला तसे सगळे गप्प झाले, पण त्या गप्प होण्यात समाधान नव्हतं. त्या बाईंचं बाळ दुपारी उठतं, हे कोणत्याही परिपत्रकाने खोटं ठरत नाही. म्हणून दुसरा कागद काढला, फ्रिजवरचा तक्ता. जूनच्या मध्यापासून, सरावाची मिनिटं सोडली तर, ती एकटी राहिलेलीच नाही हे दाखवलं. मग गेल्या आठवड्यातलं भुंकणं कोणाचं? ‘सी’ विंगच्या लॅब्रेडॉरचं, असं वॉचमनने सांगितलं. तो विषय पुढच्या मीटिंगला.

वरच्या बाई माझ्याशी अजूनही लिफ्टमध्ये बोलत नाहीत. ठीक आहे.

५ ऑगस्ट, सोमवार

अडकलोय. वीस मिनिटांच्या आसपास ती हमखास उठते आणि दाराशी जाते. चार-पाच व्हिडिओ एकाखाली एक लावून पाहिले. वेळ नाही, लिफ्ट. आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली की ‘कृपया दरवाजा बंद करा’, आणि लिफ्टमधून आम्ही निघालो नाही की तिचा हिरमोड. उठलेली खारी परत पडत नाही, तिथून पुढे उतारच.

आता दोन गोष्टी एकत्र चालू केल्या. एक, सरावाला जिन्याने जायचं, म्हणजे जाणं आणि लिफ्ट यांची गाठ सुटावी. दोन, लिफ्टचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून दिवसभर अगदी बारीक लावायचा, सोबत पनीरचे तुकडे. रोज जरासा मोठा. फटाक्यांच्या आवाजाचंही हेच सुरू केलंय, दिवाळी लांब असतानाच. आवाज इतका लहान हवा की तिने खाणं थांबवता कामा नये. खाणं थांबलं की त्या दिवसापुरता आवाज फार झाला.

रेडिओबद्दल मतभेद. आप्पांचा रेडिओ दिवसभर चालू असायचा, म्हणून लावून पाहिला. बातम्या लागल्या की ती दाराकडे जाऊन बसते. नवरा म्हणतो तिला वाटतं आप्पा येतील. मला वाटतं निवेदकाचा आवाज मधेच चढतो. कूलर लावला, पाण्याशिवाय, नुसता घोंघाटासाठी. तो बरा पडला.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखीपौर्णिमा. भाऊ आला होता. त्याला सोडायला आम्ही दोघं खाली गेलो, गप्पांत वेळ गेला, मोबाईल माझ्या हातात उघडाच होता. पाऊण तास. लिफ्ट आमच्या मजल्यावर दोनदा थांबली. एकदा तिने मान वर केली, दुसऱ्यांदा तीही नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की पहिला अर्धा तास सगळ्यात कठीण, तो पार झाला की पुढे वेळ झपाट्याने वाढतो. बहुतेक कुत्र्यांचा घाबरण्याचा कळस निघून गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच असतो.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दहीहंडी. डीजे. सराव बंद. बाथरूम, चादर, कूलर.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल अनंत चतुर्दशी झाली. आमचा गणपती दीड दिवसाचा, पण नणंद, तिची मुलं आणि आप्पा आठवडाभर होते. खारीचा उत्सव. आरतीच्या झांजांना ती पहिल्या दिवशी बाथरूममध्ये, दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये, नंतर आप्पांच्या मांडीखाली. सरावाची गरजच पडली नाही.

पाहुणे गेले आणि आज दहा मिनिटांत रडली. डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं: भरलेलं घर रिकामं झालं की मागे जाणार. पुन्हा जिन्याच्या पायऱ्यांपासून. यावेळी दिवस कमी लागतील म्हणतात.

१३ ऑक्टोबर, रविवार

कमी लागले. तासाच्या पुढे. आज आम्ही दोघं बऱ्याच महिन्यांनी सोबत भाजी आणायला गेलो. फडके रोडवर चहा प्यायलो. मी मोबाईल बघत होते, नवरा मला बघत होता. ‘आता बास कर’ म्हणाला. खारी झोपली होती, कुशी बदलून.

२८ ऑक्टोबर, सोमवार

आज वसुबारस, फटाके सुरू. दिवाळीसाठी ट्रॅझोडोन, भीती कमी करणारी गोळी, आवाजाच्या आधी तास-दीड तास. फ्लुओक्सेटीन चालू असताना ही गोळी देताना डोस कमीपासून, आणि आधी शांत दिवशी एकदा देऊन पाहायची. आम्ही गेल्या रविवारी पाहिली: थोडी झोपाळू, चाल ठीक.

मेडिकलवाल्याने ‘ती नेहमीची कुत्र्यांची झोपेची गोळी’ पुढे केली होती, एसेप्रोमॅझिन. ती नको, असं डॉक्टरबाईंनी ठामपणे सांगितलंय. तिने अंग सुस्त होतं, भीती तशीच राहते, फक्त कुत्र्याला पळता येत नाही. वरून शांत दिसतो म्हणून माणसं खूश. दर दिवाळीला डोंबिवलीत किती कुत्रे असे ‘शांत’ असतील याचा विचार करवत नाही.

बेडरूमच्या खिडक्यांना रजया. संध्याकाळचं फिरणं पाचला, अंधाराआधी. पट्टा दोन ठिकाणी बांधलेला, गळ्याला आणि छातीला, फटाक्याला घाबरून निसटलेले कुत्रे दरवर्षी हरवतात. गळ्यात नंबरचा बिल्ला. लक्ष्मीपूजनाला दोघांपैकी एक घरी.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी पार पडली. बाथरूममध्ये होती, पण आत बसून पनीर खात होती.

सध्याची स्थिती: चांगल्या दिवशी अडीच तास. ऑफिसचा पूर्ण दिवस होत नाही, आणि अकरा तास कुठल्याच कुत्र्याला एकटं ठेवू नये, त्यामुळे ते ध्येय काढून टाकलं. तक्ता फ्रिजवर राहणार. गोळी अजून काही महिने, बंद करायची तेव्हा हळूहळू, एकदम नाही.

आप्पा पुढच्या महिन्यात परत येतायत. त्यांना फोनवर सांगितलं की आठवड्यातून दोनदा तुम्ही तासभर बागेत जायचं, तिला घरात सोडून, नाहीतर शिकलेलं पुसलं जाईल. “मला बाहेर काढायला कुत्र्याचं कारण!” म्हणाले. पण कबूल झाले.

चौकटीला पत्रा ठोकून घेतलाय. सुताराने नवीन चौकट बसवायचे पैसे सांगितले, ते पुढच्या वर्षी.

मावशींच्या मुलीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. ती संपल्यावर ती येत राहील का हे विचारायचं राहिलंय. गुरुवारी विचारते.